सुनेला हवं होतं काप्पीडु

सुनेची किडनी मला बसवायची ठरली तेव्हा मी तिला सोन्याच्या बांगड्या करून घातल्या. मग मंजुरी देणाऱ्या समितीपुढे, कॅमेरा चालू असताना, मान ताठ ठेवून सांगितलं, "हो, मीच दिल्या. तिनेच मागितल्या होत्या."

अवयवाच्या बदल्यात काही देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हे आहेत. देणारी आत, घेणारीही आत. मला हे माहीत नव्हतं असं नाही. इस्पितळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि मी भिंतीवरचं सगळं वाचते. पण ते रोख पैशाबद्दल आहे, बांगड्यांबद्दल नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. माझं असं ठरवणं फार जुनं आहे, त्याचे पराक्रम पुढे येतीलच.

ज्यांच्या घरात किडनी देण्याघेण्याची गोष्ट निघाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यातही घेणाऱ्यांसाठी. देणाऱ्याला सगळे देव म्हणतात आणि मोकळे होतात. देवाला कोण विचारतं, बाबा, तुझी रजा मंजूर झाली का म्हणून?

तुळशीचं बीपी

पन्नाशीतली मी फार शहाणी होते. ती बाई आज रस्त्यात भेटली तर मी ओळख दाखवणार नाही. डॉक्टरांनी तिला रक्तदाबाच्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा तिने दोन गोष्टी ताडल्या. डॉक्टरांचा मेव्हणा औषधांचं दुकान चालवतो, ही एक. आणि गोळी एकदा सुरू झाली की मरेपर्यंत सुटत नाही, म्हणजे हा सरळ सरळ धंदा आहे, ही दुसरी. नवरा रोज सकाळी गोळी हातावर ठेवून समोर उभा राहायचा. ती गोळी गालात धरायची, वर पाणी प्यायची आणि मागच्या दारी जाऊन तुळशीच्या कुंडीत टाकायची. वर्षानुवर्षं. त्या तुळशीला कधी बीपी झालं नाही. माझ्या किडन्या मात्र वाळल्या. पुढे नवरा गेला, गोळी देणारा हात गेला, मग कुंडीचीही गरज उरली नाही.

पाय सुजले तेव्हा मी नव्या चपलांना दोष दिला. तोंडाची चव गेली तेव्हा कॉफीच्या डिकॉक्शनला. अंगाला खाज सुटली तेव्हा सुनेने बदललेल्या साबणाला. शेवटी मुलगा श्रीधर मला जवळजवळ धरूनच घेऊन गेला. डॉक्टर तरुण होता. रिपोर्ट बघून तो माझ्याशी बोलायचा थांबला आणि श्रीधरशी हळू आवाजात बोलू लागला. मी म्हटलं, माझ्याशी बोला, किडन्या माझ्या आहेत. तो म्हणाला, "होत्या, अम्मा."

त्या दिवशी मी रडले नाही. दुसऱ्या लॅबमध्ये गेले. मग तिसऱ्या. तिघांनी तेच सांगितलं, तेव्हा तिन्ही लॅब आतून एकच आहेत अशी माझी खात्री झाली. तंजावर लहान गाव आहे, इथे सगळे एकमेकांचे मेव्हणे असतात.

शहाळ्यांच्या मुलखात

डायलिसिस म्हणजे नोकरी. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी हजर व्हायचं, आपली खाट धरायची, आणि सुटून घरी येताना अंगात चालण्यापुरतीही ताकद उरलेली नसायची. पगार एवढाच की पुढच्या खेपेपर्यंत जगायचं.

डायलिसिसच्या सुया टोचायला डाव्या हाताच्या शिरा जोडून तिथे फिस्टुला केला होता. त्यावर बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरतंय असं वाटायचं. माझी नात यामिनी कान लावून ऐकायची आणि म्हणायची, अज्जी, मोटार चालू आहे. पाणी बेतानं प्यायचं. भाजी उकळून पाणी ओतून टाकायचं, मग पुन्हा उकळायची, आणि शेवटी ताटात भाजीचं भूत यायचं. या मुलखात चार पावलांवर कोणीतरी शहाळी सोलत बसलेलं असतं, आणि नेमकं तेच मला विष. ऑटोतून जाताना मी तोंड दुसरीकडे फिरवायचे, जुन्या वैऱ्याचं घर आल्यासारखी.

सुखंही होती. तिथली एक नर्स बर्फाचा खडा जिभेवर ठेवायची आणि मला "राधाम्मा, हे कोणाला सांगू नका" म्हणायची. बर्फाला मनाई नव्हती, ते मला नंतर कळलं. पण चोरून खाल्ल्याची गोडी त्या पोरीने मला मोफत दिली.

भीती कशी असते ते सांगते. शेजारच्या खाटेवर कुंभकोणमचे एक निवृत्त कंडक्टर असायचे. सगळ्यांना तिकीट विचारल्यासारखे आजार विचारायचे. एका खेपेला त्यांची खाट रिकामी होती. मी नर्सला विचारलं, ती म्हणाली, ते गावाला गेलेत. पुढच्या खेपेला खाटेवर दुसरं माणूस होतं. मी परत विचारलं नाही. त्यानंतर मी इस्पितळात कोणी काही गोड बोललं की आधी त्याच्या डोळ्यांकडे बघायला लागले.

"माझा गट ओ आहे"

डॉक्टर म्हणाले, नवी किडनी मिळाली तर अजून बरीच वर्षं आहेत. मेलेल्या माणसाची मिळायची तर रांग लांब. घरातलं कोणी असेल तर बघा.

श्रीधरने पहिल्यांदा हात वर केला. तपासणीत त्यालाच साखर निघाली. मग यामिनी. कायद्याने मुलगा चालतो, बहीण चालते, नातही चालते. मी म्हटलं, कायद्याला चालत असेल, मला चालत नाही. कालपरवा कॉलेजात गेलेल्या पोरीच्या पोटातलं काढून मी पोट भरणार नाही.

उरली सून, तमिळ्सेल्वी. आम्ही सेल्वी म्हणतो. नावाप्रमाणेच आहे. खाजगी शाळेत तमिळ शिकवते, आणि बोलण्यात इंग्रजी शब्द आला की तिचं तोंड कडू होतं. फोनला तोलैपेसी म्हणते. श्रीधरने आपणच तिच्याशी जमवलं तेव्हा मी आठवडाभर जेवले नव्हते, म्हणजे सगळ्यांच्या देखत जेवले नव्हते. तिने आमचं पिढीजात तंजावरी मराठी शिकून घेतलं, आणि तेही असं की भांडण रंगात आलं की माझंच लिंग-वचन सुधारायची. पिट्लं, म्हणजे चिंच घातलेली वांग्याची डाळ, कसं करावं यावर तिच्या लग्नापासून आजवर आमचं एकमत नाही. ती मला अत्तै म्हणते. तमिळमध्ये आत्यालाही अत्तै आणि सासूलाही अत्तै.

एक दिवस तांदूळ धुता धुता ती म्हणाली, "अत्तै, माझा गट ओ आहे. मी डॉक्टरांना विचारून आले." पाणी ओतून टाकलं आणि पुढच्या कामाला लागली.

मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला. का देते ही? मी हिच्यासाठी असं काय केलंय? घर माझ्या नावावर आहे, ते आठवलं. बंगळूरहून चुलतबहिणीने फोनवर विचारलं, सून देते म्हणजे आधी कशावर सही घेतली? हा प्रश्न माझ्या मनात आधीच होता, पण आपलं मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते पुराव्यासारखं वाटतं. मी सेल्वीकडे बारीक नजर ठेवायला लागले. ती हसली तरी संशय, न हसली तरी संशय. माझ्या जेवणाची पथ्यं सांभाळते म्हणजे माल जपते आहे, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

सून कायद्याने जवळची नातेवाईक नाही. तिला द्यायचं असेल तर समितीची मंजुरी लागते. समिती दोघींना वेगवेगळं बसवून विचारते, जबरदस्ती आहे का, पैसा आहे का. घरात सगळ्यांना या कायद्याचा राग आला. मला पटला. सुनेला गळ घालून टेबलावर झोपवणं आपल्याकडे किती सोपं आहे, हे सासूला नाही कळणार तर कोणाला कळणार?

ग्राइंडर

समितीच्या आधीची गोष्ट. सेल्वी मागच्या पडवीत आईशी फोनवर बोलत होती. तिची आई तिरुवैयारुजवळच्या गावात राहते, भातशेती बघते. मी आत इडलीचं वाटत होते. ग्राइंडर चालू, माझा एक कान तसाही अर्धा, आणि उरलेला पडवीकडे लावलेला. सेल्वी तमिळमध्ये म्हणत होती, काप्पु नसेल तर मी देणार नाही, अम्मा. हे आधी व्हायला हवं, मग ऑपरेशन.

काप्पु म्हणजे कडं, बांगडी. पोटुशी बाईच्या हातात बांगड्या भरतात त्या सोहळ्यालाही वळैकाप्पु म्हणतात.

तर ही किंमत. मी ग्राइंडर बंद केला आणि तिथेच खाली बसले. आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. किती महिने मला कळत नव्हतं की ही का देते. आता कळलं. जिची किंमत कळली तिचे उपकार उरत नाहीत. बांगड्या दिल्या की फिटलं, पुन्हा पिट्ल्यावरून भांडायला मी मोकळी.

माझ्या आईच्या पाटल्या घेऊन मी आसाऱ्याकडे गेले, आमच्याकडे सोनाराला आसारी म्हणतात. नव्या घडणीच्या बांगड्या करून घेतल्या. शुक्रवारी कुंकू लावून सेल्वीच्या हातात भरल्या. ती गोंधळली. मग तिला वाटलं, ऑपरेशनच्या आधी रक्षण व्हावं म्हणून आमच्यात असं करत असतील. तिने वाकून नमस्कार केला. मी मनात म्हटलं, बघा, कशी मुकाट घेतली.

कॅमेऱ्यासमोर

समिती तिरुच्चीच्या इस्पितळात बसली होती. टेबलामागे चारपाच जण, मधोमध पांढऱ्या केसांच्या एक डॉक्टरबाई. प्रश्न तमिळमध्ये. आधी सेल्वीला आत नेलं, मी बाहेर. मग ती बाहेर, मी आत.

सुरुवातीचं सोपं होतं. नाव, आजार, घरात कोण कोण. एका गृहस्थांनी अत्तै ऐकून मला देणारीची आत्या केलं होतं, ते दुरुस्त करण्यात थोडा वेळ गेला. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, सुनेच्या हातात नव्या बांगड्या दिसतात, त्या कुणी दिल्या?

इथे मी सुरुवातीला लिहिलेलं ते वाक्य बोलले.

बाईंनी शांतपणे विचारलं, मागितल्या म्हणजे कशा? मी सगळं सांगितलं. ग्राइंडर, पडवी, काप्पु नसेल तर देणार नाही. खरं बोलल्याबद्दल शाबासकी मिळेल अशी माझी समजूत होती. गोळ्या तुळशीला घालणारी बाई आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांशी खरं बोलली, ते असं.

टेबलामागची पेनं भराभर चालू लागली. मग मला बाहेर बसायला सांगितलं, आणि थोड्या वेळाने श्रीधरला बोलावून कळवलं की मंजुरी थांबवली आहे. पुन्हा चौकशी होईल, आणि कशाच्या बदल्यात काय, याचं समाधान झालं नाही तर प्रकरण पुढे द्यावं लागेल. पुढे म्हणजे कुठे ते त्यांनी सांगितलं नाही. श्रीधरच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

वल्लमच्या अलीकडे

आम्ही तंजावरला परत निघालो. श्रीधर समोर बघून गाडी चालवत होता. सेल्वी माझ्या शेजारी, हात मांडीवर, बांगड्या पदराखाली. वल्लम यायच्या थोडं आधी तिने विचारलं, मी तुमच्याकडे काय मागितलं होतं?

मी सांगितलं.

ती माझ्याकडे वळली. मग वर्गात ढ मुलाला सांगावं तसं एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "काप्पीडु, अत्तै. काप्-पी-डु."

काप्पीडु म्हणजे विमा. काप्पु म्हणजे राखणही, आणि त्यातूनच तो शब्द झाला. दुसरी कोणतीही बाई इन्शुरन्स म्हणाली असती, आणि मी दहा ग्राइंडरांतूनही ऐकलं असतं. पण आमच्या घरात तमिळची बाई. तिचा 'ईडु' ग्राइंडरने खाल्ला आणि मी बांगड्या घडवून आणल्या.

मग ती बोलली, ते मी इथे थोडक्यात लिहिते, कारण ते ऐकताना माझं डोकं खाली होतं. तिचा विमा शाळेच्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की तो गेला. किडनी दिलेल्या माणसाला नवा विमा द्यायला कंपन्या का-कू करतात, म्हणून तो आधी घ्यायला हवा. माझ्या पॉलिसीत तिच्या ऑपरेशनचा खर्च होता, पण पुढे त्यापायी तिला काही झालं तर ते तिचं तिने बघायचं, असं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. शाळा रजा देईल की नाही ते ठाऊक नाही, पगार तर नाहीच. उद्या एकुलत्या किडनीला काही झालं तर यामिनीचं काय? हे ती आईशी बोलत होती, कारण घरात तिला हे कोणी विचारलं नव्हतं. मी नाही. श्रीधरनेही नाही. आम्ही सगळे तिच्या रक्तगटावर खूश होतो.

श्रीधरने गाडी कडेला घेतली. म्हणाला, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुमच्या आईचा जीव चाललेला असताना मी माझ्या विम्याचं बोलले असते, तर तुम्ही माझ्याकडे कसं बघितलं असतं? मला उत्तर माहीत होतं. मी तसं महिनोन्महिने बघतच होते.

जे जाईल ते

दुसऱ्या वेळी समितीने सेल्वीच्या आईलाही बोलावलं. ती बाई शेतावरून आल्यासारखीच आली, आणि एकटीला आत बसवल्यावर तिने फोनवरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, वर हेही की माझ्या मुलीने देऊ नये असं मला अजून वाटतं. हे तिने बाहेर आल्यावर माझ्या तोंडावर पुन्हा सांगितलं. मला ती त्या क्षणी आवडली.

मग मी. डॉक्टरबाई तमिळच, त्यांना काप्पु-काप्पीडुचा घोळ कळायला क्षण लागला नाही. तोंडासमोर फाइल धरून त्या काही वेळ आत वाचत होत्या. फाइल खाली आली तेव्हा चेहरा सरळ होता. बांगड्या परत घ्यायच्या, हे त्यांनी पहिलं सांगितलं. सेल्वीने त्या आधीच उतरवून माझ्या कपाटात ठेवल्या होत्या. मी विचारलं, मग मी तिला द्यायचं तरी काय? ती सगळं देणार आणि मी हात बांधून बसायचं?

त्या म्हणाल्या, "तिचं जे जाईल ते भरून द्या. तिच्याकडे जे नव्हतं ते देऊ नका."

हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. बुडालेला पगार, येण्याजाण्याचा खर्च, ऑपरेशनमुळे जे जे तिच्या पदरचं जातं ते भरून देणं कायद्याला मान्य आहे. सोनं, जमीन, घराचा हिस्सा, हे नाही. आम्ही तिचा बुडणारा पगार बँकेतून द्यायचं ठरवलं आणि समितीला तसं कळवलं. शाळेचे करस्पॉण्डंट, म्हणजे शाळा चालवणारे मालक, आधी म्हणाले, रजा कशाला, उन्हाळ्याच्या सुट्टीत करून घ्या. जणू अक्कलदाढ काढायची होती. केंद्र सरकारच्या नोकरांना अवयव दिला तर खास रजा मिळते, खाजगी शाळेत मालकाची मर्जी. यामिनी जाऊन त्यांच्याशी काय बोलली ते ती सांगत नाही, पण रजा मिळाली आणि नोकरी टिकेल असं लेखीही आलं.

विम्याचा एजंट घरी आला. त्याने खालच्या आवाजात सुचवलं, किडनी देणार हे आत्ता कशाला लिहिता, नंतर बघू. मला सल्ला एकदम पसंत पडला. सेल्वीने त्याला बाहेरची वाट दाखवली. लपवून घेतलेला विमा गरजेच्या दिवशी लपतो, असं ती म्हणाली, आणि तिने स्पष्ट लिहून अर्ज केले. दोन कंपन्यांनी नाही म्हटलं. एकीने जास्त हप्ता लावून, काही अटी घालून दिला. अटी तिने लाल पेनाने अधोरेखित केल्या, निबंध तपासावा तशा. समितीने मग मंजुरी दिली.

एक गोष्ट मात्र माझ्या जिवाला लागून राहिली. देणाऱ्यासाठी वेगळे डॉक्टर असतात, ते माझ्या बाजूचे नसतात. त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सेल्वीला सांगितलं होतं, शेवटच्या क्षणापर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता. कारण द्यावं लागणार नाही. घरच्यांना आम्ही एवढंच सांगू की वैद्यकीय कारणाने जमत नाही. झालं. त्या दिवसापासून ते डॉक्टर वॉर्डात आले की मी त्यांचा चेहरा वाचायचे. सेल्वीशी एकांतात बोलून बाहेर पडले की वाटायचं, आता येऊन म्हणतील, जमत नाही. ऑपरेशनच्या सकाळी मला स्ट्रेचरवर घेतलं तरी मी वॉर्डबॉयला विचारत होते, ती आधी आत गेली ना? खरंच गेली? तो म्हणाला, अम्मा, गेली, येताना हात हलवला. मला तेही खोटंच वाटलं.

तीन आणि एक

शुद्धीवर आले तेव्हा पहिली नजर लघवीच्या पिशवीवर. भरत होती. नर्सने ती वर धरून दाखवली, कावेरीचं पाणी आणल्यासारखी. इतके महिने कोरडं पडलेलं अंग वाहायला लागलं, त्याचा आनंद मी शिष्टाचार सोडून सांगते आहे, तुम्ही सांभाळून घ्या.

जुन्या किडन्या काढत नाहीत, आतच राहतात. म्हणजे आता मला तीन आणि सेल्वीला एक. वाटणी कशी झाली बघा.

मला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. लोक काचेपलीकडे उभे राहून हात जोडायचे. सेल्वी खाली दुसऱ्या मजल्यावर साध्या वॉर्डात, तिच्याजवळ फक्त तिची आई. मला वाटलं होतं, मी आजारी, ती धडधाकट, तिला काय होतंय. उलट झालं. मी तिसऱ्या दिवशी बसून कांजी पिते आहे, आणि तिला कूस बदलता येत नाही, ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या वायूने खांदा दुखतो. धडधाकट माणूस चालत आला होता आणि आम्ही त्याला आजारी केलं, हे पुस्तकात असेल, पण मला ते श्रीधरच्या मोबाइलवर तिचा चेहरा बघून कळलं. मला भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी काचेतून खुणेने खाली पाठवायला लागले. बरेच जण मान डोलवून घरी गेले.

गोड म्हातारी

घरी आल्यावर माझी औषधं, माझा मास्क, माझ्या तपासण्या, सगळ्यांच्या तोंडी तेच. देणाऱ्यालाही दरवर्षी तपासणी लागते, ती आयुष्यभर, पण त्याची आठवण करायला कोणी फोन करत नाही. ते काम मी घेतलं. सेल्वीचा रक्तदाब मी लिहून ठेवते. गोळी नाही तिला, असती तर मी समोर उभी राहून गिळवली असती. तोंड उघडून दाखवायला लावलं असतं. मला सगळ्या युक्त्या माहीत आहेत.

आणि मी गोड झाले. तिने काही केलं की छान. उशिरा उठली, छान. माझ्या सोवळ्याच्या पातेल्यात कांद्याचं काही शिजवलं, छान. तोंडात काही आलं की मी ते गिळून टाकायचे, आणि गिळताना वाटायचं, आता मला बोलायचा हक्क उरला का? तिच्यावरचा संशय संपला, तर माझा मलाच यायला लागला. माझ्या पोटात तिची किडनी मुकाट काम करते आहे, आणि मी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची?

परवा तिने पिट्लं केलं. वांगी कच्ची, चिंच पुढे, डाळ कुठेतरी मागे राहिलेली. मी पान चाटूनपुसून संपवलं आणि म्हटलं, फार छान झालंय. श्रीधर आणि यामिनी खाली मान घालून जेवत होते. सेल्वीने डाव खाली ठेवला, माझ्या समोर पाट ओढून बसली, आणि म्हणाली:

"अत्तै, तुम्ही जगाव्यात म्हणून मी किडनी दिली. तुम्ही अशाच चांगल्या वागत राहिलात, तर मी वाचवलं ते कोणाला, तेच मला कळेनासं होईल."